एकोणतीस तारीख कुणी पळवली?

१

पेनांची टोपणं निघाली होती. गुच्छ हातात होते. फोटोग्राफरचं दोनदा "हसा" म्हणून झालं होतं आणि सगळे आज्ञाधारकपणे हसलेही होते. आता फक्त दाखला छापून यायचा, त्यावर सह्या व्हायच्या, की लग्न लागलं. पण विवाह नोंदणी कार्यालयातला प्रिंटर हूं की चूं करेना.

साहेबांनी, म्हणजे विवाह अधिकाऱ्यांनी, चष्मा नाकावरून वर सरकवला, स्क्रीनपाशी तोंड नेलं आणि लाल चौकटीतली अक्षरं मोठ्याने वाचली. "नोटिशीची मुदत अठ्ठावीस फेब्रुवारी रोजी संपली आहे. दाखला देता येत नाही."

"अठ्ठावीस म्हणजे काल," नवरीचे बाबा म्हणाले.

"काल," साहेब म्हणाले, आणि त्यांनाच ते कसंसं वाटलं.

भिंतीवरच्या कॅलेंडरात आजची तारीख एकोणतीस होती. चार वर्षांतून एकदा उगवणारी. नवरदेवाने ती हौसेने निवडली होती. लग्नाचा वाढदिवस चार वर्षांतून एकदाच लक्षात ठेवावा लागेल, हा त्याचा विनोद गेले तीन महिने सगळ्यांनी सोसला होता.

नियम साधा होता. लग्नाची नोटीस द्यायची, तीस दिवस थांबायचं, आणि नोटिशीपासून तीन महिन्यांच्या आत कधीही लग्न करायचं. या दोघांनी नोटीस दिली होती तीस नोव्हेंबरला. फेब्रुवारीत तीस तारीख नसते. अशा वेळी महिन्याचा शेवटचा दिवस धरावा, असं नियमातच लिहिलेलं होतं. म्हणजे आजचा दिवस शेवटचा, पण हक्काचा. इतके थांबले ते नवरीच्या बाबांसाठी. ते मालवाहू जहाजावर इंजिनियर. आज सकाळी बंदराला लागले, तिथून थेट इथे आले होते, आणि बाराव्या दिवशी पुन्हा आठ महिन्यांसाठी जाणार होते.

"नव्याने नोटीस द्यावी लागेल," साहेब हळूच म्हणाले. "म्हणजे पुन्हा तीस दिवस."

नवरीने बाबांकडे पाहिलं. बाबांनी आपल्या नुकत्याच पॉलिश केलेल्या बुटांकडे पाहिलं.

तेवढ्यात साक्षीदारांच्या बाकावरून एक बाई उठल्या. "साहेब, कार्यालय किती वाजता बंद होतं?"

"पाचला."

"आत्ता अडीच. मग दाखल्याची फाईल बंद करू नका. एक आख्खा दिवस असा हवेत विरत नाही. तो कुणीतरी पळवलाय."

नवरदेवाच्या तोंडचं पाणी पळालं. तो त्यांच्या कानाशी वाकून पुटपुटला, "ताई, हळू बोला. हा प्रोग्राम मी लिहिलाय."

२

ताई आणि नवरदेव एकाच लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत कामाला. तो प्रोग्राम लिहायचा, त्या टेस्ट लिहून, म्हणजे उत्तर आधीच ठाऊक असलेले प्रश्न प्रोग्रामला विचारून, त्यातल्या चुका काढायच्या. ऑफिसात त्यांना सगळे चाळणी म्हणत, त्यांच्या तोंडावरसुद्धा, आणि त्यांना ते आवडायचं. वय पंचेचाळीस, पर्समध्ये कायम पेपरमिंटच्या गोळ्या, आणि कुणी "हे बरोबरच आहे" म्हटलं की डाव्या भुवईचा धनुष्यबाण व्हायचा. आजही त्या ऑफिसातून तडक आल्या होत्या, लॅपटॉपच्या पिशवीसकट. लग्नाला कुणी लॅपटॉप आणतं का म्हणून नवरी त्यांना हसलीही होती. आता तीच त्या पिशवीकडे आशेने बघत होती.

चाळणीबाईंनी नवरदेवाला खिडकीपाशी ओढलं. "खरं सांग. लीप वर्ष विसरलास?"

"ताई, शपथेवर सांगतो. तारखा मोजणारा तो तुकडा, ते फंक्शन, मी आठ दिवस घासत होतो. लीप वर्ष पहिल्या दिवशी घातलं. आणि टेस्ट तुम्हीच लिहिल्यात ना? सगळ्या पास झाल्या होत्या."

"झाल्या होत्या," त्या म्हणाल्या. ते त्यांना पक्कं आठवत होतं, आणि तेच त्यांना खुपत होतं. एकोणतीस फेब्रुवारी ज्याला ठाऊक नाही असं फंक्शन त्यांच्या हातून सुटणं शक्यच नव्हतं.

"मग तारीखच चुकीची टाईप झाली असेल. तीसच्या जागी एकोणतीस नोव्हेंबर. तुमची नोटीस कॉम्प्युटरवर कुणी चढवली?"

नवरीनेच उत्तर दिलं. ती याच कार्यालयात काउंटर नंबर एकवर बसायची. "स्वतःची नोटीस स्वतः चढवता येत नाही. नियम आहे. काकूंनी चढवली."

काकू म्हणजे काउंटर नंबर दोन. निवृत्तीला दोन वर्षं उरलेल्या, टाईप करताना ओठ हलवणाऱ्या. नवरी आवाज खाली आणून म्हणाली, "ताई, सांगू की नको कळत नाही. गेल्या वर्षी त्यांनी मला त्यांच्या भाच्याचं स्थळ आणलं होतं. मी नको म्हटलं. महिनाभर माझ्याशी बोलल्या नव्हत्या."

चाळणीबाईंनी पेपरमिंट तोंडात टाकली आणि काउंटर नंबर दोनकडे मोर्चा वळवला.

"काकू, या दोघांच्या नोटिशीचा मूळ कागद बघायचा होता."

काकू दचकल्या. "तो कागद ना... तो मागच्या कपाटात आहे."

"मग काढूया."

"नाही!" काकू कपाटाच्या दाराला पाठ लावून उभ्याच राहिल्या. त्यांनी किल्ली मुठीत आवळली होती. "काहीही करा, पण हे कपाट आत्ता उघडायचं नाही!"

३

सगळी खोली काकूंकडे बघायला लागली. फोटोग्राफरने तर सवयीने फोटोच काढला.

साहेब पुढे झाले. "काकू, सरकारी कपाट आहे. किल्ली द्या."

काकूंनी किल्ली दिली, पण डोळ्यांत पाणी आणून. कपाट उघडलं. वरच्या कप्प्यात फायली, मधल्या कप्प्यात फायली, आणि खालच्या कप्प्यात, जुनी रजिस्टरं बाजूला सारून केलेल्या जागेत, तीन मजली केक. त्यावर साखरेची दोन माणसं, आणि दोघांच्या मध्ये साखरेचाच एक कॉम्प्युटर.

"पहाटे उठून केलाय," काकू म्हणाल्या. "सह्या झाल्यावर एकदम बाहेर काढणार होते. त्या कॉम्प्युटरला तर दोन तास लागले. आता सगळी मजा गेली!"

नवरीने काकूंना अशी मिठी मारली की काकूंचा चष्मा वाकडा झाला. "अगं, भाच्याचं काय घेऊन बसलीस," त्या तिच्या खांद्यावरून म्हणाल्या, "त्याचं बरं चाललंय. मला तर तुझाच जास्त लळा."

चाळणीबाईंनी वरच्या कप्प्यातून नोटिशीचा कागद काढला. शिक्का तीस नोव्हेंबर. खालची सही तीस नोव्हेंबर. मग त्यांनी स्क्रीनवरची नोंद उघडली. तिथेही तीस नोव्हेंबर. काकू स्वच्छ सुटल्या. कॉम्प्युटरचं घड्याळ पाहिलं, तेही आजचीच तारीख दाखवत होतं.

"म्हणजे लीप वर्षच," साहेबांनी निकाल देऊन टाकला. "यंत्राला एकोणतीस फेब्रुवारी ठाऊक नाही. ते अठ्ठावीसला थांबलं. चूक नवरदेवाची."

नवरदेव खुर्चीत बसला आणि त्याने गुच्छात तोंड खुपसलं.

"एक मिनिट," चाळणीबाई म्हणाल्या. "काकू, तुमची बोटं चालवा. याच्या दुसऱ्या दिवशी, एक डिसेंबरला, कुणी नोटीस दिली होती का?"

काकूंनी ओठ हलवत शोधलं. "दिली होती. एक दंतवैद्य आणि एक बासरीवादक. जानेवारीतच लग्न झालं त्यांचं."

"त्यांची मुदत कधीपर्यंत दाखवतंय?"

काकूंनी चष्मा सरळ केला. "एकोणतीस फेब्रुवारी."

"ऐकलंत?" चाळणीबाईंनी टाळीच वाजवली. "यंत्राला एकोणतीस फेब्रुवारी चांगली ठाऊक आहे! ठाऊक नसती तर ती छापली कशी असती? लीप वर्ष निर्दोष. नवरदेवा, डोकं वर काढ."

नवरदेवाने डोकं वर काढलं. नाकावर फुलाची पाकळी चिकटली होती. सगळे हसले. फक्त बाबा हसले नाहीत. ते कॅलेंडरासमोर उभे राहून काहीतरी पुटपुटत होते.

"माझं जरा चुकत असेल," ते म्हणाले, "मी आपला इंजिनातला माणूस. पण एक डिसेंबरपासून तीन महिने म्हणजे एक मार्च ना? मग त्या बासरीवाल्याचाही एक दिवस कुठे गेला?"

४

सगळे कॅलेंडराभोवती जमले. चोर एका घरात नव्हे, आळीभर फिरला होता.

"काकू, वर्षभरातल्या नोंदी काढा," चाळणीबाई म्हणाल्या. "नोटिशीची तारीख आणि मुदतीची तारीख, एवढंच वाचा. मी लिहिते."

काकू वाचायला लागल्या. एक जुलैची नोटीस, मुदत एकोणतीस सप्टेंबर. हवी होती एक ऑक्टोबर. दोन दिवस गेले. एक जानेवारीची नोटीस, मुदत एकतीस मार्च. हवी होती एक एप्रिल. एक दिवस गेला. याच महिन्यातली, पंधरा फेब्रुवारीची नोटीस, मुदत पंधरा मे.

"ही बरोबर आहे," नवरी म्हणाली. "यांना बरं सोडलं!"

"आणि ही ऐका. गेल्या वर्षीची, वीस फेब्रुवारी. मुदत एकवीस मे."

चाळणीबाईंचा हात थांबला. "वीस मे हवी. म्हणजे यांना एक दिवस जास्तच दिलाय."

"घेतो तसा देतोही," बाबा म्हणाले. "भला चोर आहे."

कुणाचे दोन दिवस घेतले, कुणाचा एक, कुणाला हात लावला नाही, आणि एका जोडप्याला वरून एक दिवस भेट. वरवर यात कसलाच मेळ नव्हता. चाळणीबाई कागदाकडे बघत राहिल्या. भिंतीवरच्या घड्याळात साडेतीन झाले.

"बाबा, इकडे या. तुमचे हात मोठे आहेत," त्या अचानक म्हणाल्या.

बाबांनी दोन्ही मुठी टेबलावर ठेवल्या. बोटांच्या हाडांवर एकतीसचे महिने, मधल्या खळग्यांत तीसचे, आणि फेब्रुवारीचा खळगा वेगळा. शाळेत सगळेच असे मोजतात. चाळणीबाई पेनाच्या टोकाने एकेका हाडावर टिचकी देत मोजू लागल्या. एक जुलै ते एकोणतीस सप्टेंबर किती दिवस?

"नव्वद," बाबा म्हणाले.

तीस नोव्हेंबर ते अठ्ठावीस फेब्रुवारी?

"एकतीस डिसेंबरपर्यंत एकतीस, एकतीस जानेवारीपर्यंत बासष्ट, वर अठ्ठावीस. नव्वद!"

वीस फेब्रुवारी ते एकवीस मे? एक जानेवारी ते एकतीस मार्च? सगळीकडे नव्वद. ना एक कमी, ना एक जास्त.

"चोर नाहीच," चाळणीबाई म्हणाल्या. "आपलं यंत्र तीन महिने मोजतच नाहीये. ते नव्वद दिवस मोजतंय. आणि तीन महिने कधी ब्याण्णव दिवसांचे असतात, कधी एक्याण्णव, कधी नव्वद, कधी एकोणनव्वद."

त्यांनी साहेबांकडे मान वळवली. साहेबांनी दोन्ही हात वर केले. "मी कुणाला नव्वद सांगितलेलं नाही! हे बघा." त्यांनी ड्रॉवरमधून नियमांचं पुस्तक काढलं. 'तीन महिन्यांच्या आत' या शब्दांखाली त्यांनी स्वतः लाल रेघ मारलेली होती, आणि तीही पट्टीने.

चाळणीबाईंनी लॅपटॉप उघडला. ऑफिसातला कोड समोर आला. मुदत काढण्याची जागा सापडायला दोन मिनिटं लागली. एकच ओळ होती ती, आणि तिच्या टोकाला स्वच्छ लिहिलेलं होतं: अधिक नव्वद.

नवरदेवाने ती ओळ पाहिली आणि तो हबकला. "पण मी तर तीन महिन्यांचं फंक्शन लिहिलं होतं!"

चाळणीबाईंचं मात्र तिकडे लक्ष नव्हतं. त्यांचा चेहरा उतरला होता. त्यांनी स्वतः लिहिलेल्या टेस्ट चालवून पाहिल्या होत्या. त्या साफ चुकीच्या ओळीसमोर त्यांच्या सगळ्या टेस्टनी 'बरोबर' म्हणून हिरव्या खुणा केल्या होत्या.

५

"म्हणजे मीसुद्धा यात सामील आहे," चाळणीबाई म्हणाल्या.

त्यांनी आपल्या तिन्ही टेस्ट सगळ्यांसमोर ठेवल्या. साध्या वर्षात पंधरा डिसेंबरपासून तीन महिने. साध्या वर्षात पंधरा जानेवारीपासून तीन महिने. लीप वर्षात पंधरा फेब्रुवारीपासून तीन महिने.

"बाबा, मोजा."

बाबांनी मुठींवर मोजलं. एकतीस, एकतीस, अठ्ठावीस. नव्वद. एकतीस, अठ्ठावीस, एकतीस. नव्वद. एकोणतीस, एकतीस, तीस. परत नव्वद.

"बघितलंत? तारखांचा प्रोग्राम म्हटला की सगळ्यांना फेब्रुवारीची भीती. मी आपली डोळ्यांत तेल घालून फेब्रुवारीवर पहारा देत बसले. आणि नेमके फेब्रुवारीतून जाणारे हेच तीन महिने नव्वद दिवसांचे भरतात. जुलैची एक टेस्ट लिहिली असती, एकच, तरी हे पहिल्या दिवशी उघडं पडलं असतं. साधा, गरीब, कुणाच्या अध्यात ना मध्यात असलेला जुलै. त्याच्याकडे मी बघितलंच नाही."

पंचवीस वर्षं लोकांच्या चुका काढणाऱ्या बाईला स्वतःची चूक सांगताना त्रास झाला, पण त्यांनी ती पूर्ण सांगितली. नवरीने त्यांच्यापुढे पाण्याचा ग्लास ठेवला.

"पण नव्वद लिहिलं कुणी?" साहेबांना राहवेना. त्यांना आता या तपासाची चांगलीच गोडी लागली होती.

"ते कळेल. कोडमधला प्रत्येक बदल कुणी केला, कधी केला, का केला, याची नोंद राहते." चाळणीबाईंनी नोंदी उघडल्या. "आमच्या नवरदेवाची खोड सांगते तुम्हाला. स्वल्पविराम बदलला तरी कारण म्हणून परिच्छेद लिहितो. ही बघा, पानंच्या पानं. आणि हा नव्वदचा बदल. तारीख, गेल्या वर्षीची आठ फेब्रुवारी. वेळ, दुपारी सव्वातीन. कारण..."

"काय आहे कारण?" काकूंनी मान पुढे काढली.

"कोरं."

"आणि बदल कुणी केला?" बाबांनी विचारलं.

चाळणीबाईंनी लॅपटॉप नवरदेवाकडे फिरवला. स्क्रीनवर त्याचंच नाव होतं.

नवरदेव लाल झाला. आधी कान, मग गाल, मग मान. "आठ फेब्रुवारी," तो म्हणाला. "त्या दिवशी मी इथे प्रोग्राम बसवायला आलो होतो. काउंटर नंबर एकवर."

आता नवरीने तोंडावर हात घेतला. "अगं बाई!"

"बोला," साहेब म्हणाले. "दोघंही बोला."

"त्या दिवशी मी यांना पहिल्यांदा पाहिलं," नवरी म्हणाली. "प्रोग्रामच्या फॉर्मवर एक रकाना होता, 'मुदत, दिवसांत'. तिथे आकडा हवा होता, मुदत त्यावरूनच मोजली जाणार होती. यांनी विचारलं, किती लिहू? मी आपलं सहज म्हटलं, अहो, तीन महिने म्हणजे नव्वद दिवसच की."

"आणि तू लिहिलंस?" चाळणीबाईंनी नवरदेवाला विचारलं. त्यांचा विश्वास बसत नव्हता. "माझ्याशी एका शून्यावरून दोन दिवस वाद घालणारा तू?"

"ताई, ती हसली हो," नवरदेव म्हणाला. "हसून नव्वद म्हणाली. त्या वेळी ती चारशे म्हणाली असती तर मी चारशे लिहिलं असतं. मग टेस्ट चालवल्या, त्या पास झाल्या, आणि मला वाटलं, देखणी आहे आणि गणितही पक्कं आहे!"

बाबा इतके मोठ्याने हसले की बाहेरच्या रांगेतली माणसं दारातून डोकावली. गेल्या दीड तासात प्रथमच नवरदेवाच्या जिवात जीव आला. "साहेब, एका ओळीचं काम आहे. दोन मिनिटांत दुरुस्त करतो."

"थांबा," साहेब म्हणाले, आणि त्यांच्या आवाजातली गोडी नाहीशी झाली. "तुम्ही हात लावायचा नाही. नवरदेवाने स्वतःच्या लग्नासाठी सरकारी प्रोग्राम बदलला, असं मी वर कळवू? हे लग्न असं लागणार नाही."

६

चार वाजून पाच मिनिटं झाली होती.

"साहेबांचं बरोबर आहे," चाळणीबाई म्हणाल्या. नवरदेव तोंड उघडणार होता, त्याला त्यांनी नजरेनेच बसवलं. "दुरुस्ती मी करते. पण मीही याच्या बाजूची साक्षीदार. तेव्हा माझ्यावरही विश्वास ठेवू नका. तपासणी तुम्ही करा."

"मी? मला त्यातलं काय कळतं?"

"कॅलेंडर कळतं ना? नियम कळतो? मग पुरे. तुम्ही तारीख सांगायची, उत्तर आधी कागदावर लिहून उलटं ठेवायचं. मग यंत्राला विचारू. एक जरी उत्तर चुकलं, तर आम्ही केक खाऊन घरी जातो."

साहेबांनी पट्टी घेतली, कोऱ्या कागदावर दोन रकाने आखले, आणि शर्टाच्या बाह्या दुमडल्या.

चाळणीबाईंना नवं काही लिहावंच लागलं नाही. नवरदेवाने आठ दिवस घासलेलं ते मूळ फंक्शन त्याच फाईलमध्ये खाली निपचित पडलेलं होतं. नव्वदच्या ओळीने त्याची जागा घेतल्यापासून त्याला कुणी हाकच मारली नव्हती. त्यांनी नव्वद पुसलं आणि तिथे त्या जुन्या फंक्शनला बोलावलं. मग लॅपटॉप साहेबांसमोर सरकवला.

साहेबांनी पहिली तारीख घातली. "एक जुलै." उत्तर आलं, एक ऑक्टोबर. त्यांनी कागद उलटा केला. एक ऑक्टोबर.

"एकतीस मार्च." तीस जून. बरोबर.

"माझी घ्या," काकू म्हणाल्या. "एकतीस ऑगस्ट. त्या तारखेला मी निवृत्त होणार." तीस नोव्हेंबर. बरोबर.

बाबांनी जहाजावर पहिल्यांदा पाय ठेवल्याची तारीख दिली. फोटोग्राफरने आपल्या मुलीच्या वाढदिवसाची दिली. दारात डोकावणाऱ्यांपैकी एका आजीबाईंनी आतच येऊन आपली जन्मतारीख सांगितली, आणि तीन महिन्यांनी कोणता दिवस येतो ते समजल्यावर त्या उगीचच खूश झाल्या. साहेब घामाघूम होऊन लिहीत होते, उलटत होते, खुणा करत होते. मध्येच त्यांनी चाळणीबाईंकडे मिश्कीलपणे पाहिलं. "आता फसवतो बघा तुमच्या यंत्राला. तीस नोव्हेंबर, पण पुढचा फेब्रुवारी साध्या वर्षातला."

अठ्ठावीस फेब्रुवारी.

"हात्तिच्या! बरोबर आलं."

"आता लीप वर्षातला घाला," नवरी हळूच म्हणाली.

साहेबांनी घातला. सगळे स्क्रीनवर वाकले. स्क्रीनवर अक्षरं उमटली: एकोणतीस फेब्रुवारी. साहेबांनी आपला कागद सावकाश उलटा केला आणि सगळ्यांना दिसेल असा धरला. एकोणतीस फेब्रुवारी.

दरम्यान चाळणीबाईंनी नव्या टेस्ट लिहून टाकल्या होत्या. तीन नाहीत. लीप वर्षातल्या तीनशे सहासष्ट दिवसांसाठी प्रत्येकी एक, आणि साध्या वर्षासाठी आणखी तीनशे पासष्ट. त्यांनी बटण दाबलं. हिरव्या खुणा पावसासारख्या बरसत खाली आल्या. एकही लाल नव्हती.

साहेबांनी तपासणीच्या कागदावर सही केली, शिक्का मारला, दुरुस्ती मंजूर अशी टीप लिहिली, आणि चाळणीबाईंनी ती दुरुस्ती कार्यालयाच्या कॉम्प्युटरवर चढवली. चार वाजून सत्तेचाळीस मिनिटांनी प्रिंटर घरघरला. दाखला बाहेर येताना काकूंनी तो दोन्ही हातांनी झेलला. सह्या झाल्या. चाळणीबाईंची सही सगळ्यांत वाकडी आली. बाबांनी सही करताना पेन इतकं दाबलं की ती पाठच्या कागदावरही उमटली.

फोटोग्राफरला या वेळी "हसा" म्हणावं लागलं नाही.

७

केक कापला गेला. साखरेचा कॉम्प्युटर साहेबांनी मागून घेतला. पाच वाजायला आले, तरी चाळणीबाई काउंटर नंबर दोनवर बसून होत्या.

"ताई, आता काय शोधताय?" नवरी जवळ आली. "संपलं ना सगळं?"

"तुमचं संपलं. पण वर्षभर यंत्र चुकत होतं. या लाल चौकटीने आणखी कुणाला परत पाठवलं का, ते बघतेय."

बहुतेक जोडपी महिन्या-दोन महिन्यांत लग्न उरकतात, शेवटच्या दिवसापर्यंत कुणी थांबत नाही. म्हणून यादीत आजच्या नोंदीखेरीज एकच नोंद सापडली. बारा जूनची नोटीस, बारा सप्टेंबरला आलेले, परत गेलेले. वर म्हणजे बसचे एक निवृत्त ड्रायव्हर, आणि वधू म्हणजे शिवणकाम शिकवणाऱ्या एक बाई. दोघंही साठीच्या पुढचे.

"आठवतात मला," काकू म्हणाल्या. "किती शरमले होते. आमचीच चूक, आम्हीच उशीर केला म्हणाले. पुन्हा आलेच नाहीत."

साहेबांनी हातातला केक खाली ठेवला आणि स्वतः फोन लावला. स्पीकर चालू केला. पलीकडे बाईंचा आवाज आला.

साहेबांनी आधी आपण कोण ते सांगितलं, मग घसा खाकरला. "बाई, सप्टेंबरात आम्ही तुम्हाला परत पाठवलं होतं. चूक आमच्या यंत्राची होती. तुमची मुदत त्या दिवशी संपलेली नव्हती. मी कार्यालयातर्फे माफी मागतो."

पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग बाईंनी फोन तोंडापासून जरासुद्धा दूर न धरता अशी हाक मारली की काउंटरवरचा स्टेपलर हलला.

"अहो! ऐकलंत का? साडेपाच महिने माझ्या नावाने खडे फोडताय ना? मी बरोबर मोजलं होतं!"

आतून कुठूनतरी चपलांचा आवाज धावत आला. पुरुषी आवाजाने विचारलं, "कोण म्हणतं?"

"सरकार म्हणतंय!"

फोनवर कुजबुज झाली, मग हसणं. मग ते गृहस्थ फोनवर आले आणि अगदी अदबीने म्हणाले, "साहेब, हिने कॅलेंडर घेऊन मला सात वेळा मोजून दाखवलं. मीच हिचं ऐकलं नाही. आता नोटीस द्यायला कधी येऊ?"

साहेब उत्तर देण्याआधी नवरीने फोनपाशी तोंड नेलं. "उद्या सकाळी दहाला या. काउंटर नंबर एक."

"अगं, उद्या तुझी रजा आहे ना?" नवरदेव म्हणाला.

"दहा ते साडेदहा नाही," नवरी म्हणाली, आणि काकूंच्या हातातून पेन घेऊन तिने रजेच्या अर्जावरची वेळ बदलली.